पायाभूत गणिताची उजळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या वर्षी गणिताला घाबरलेली मुलं, भरतीची तयारी करणारे तरुण आणि संध्याकाळी लेकरांचा अभ्यास घेणारे आईवडील, सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात. उदाहरणं मुद्दाम मोंढा (धान्याचा बाजार), सातबारा आणि धरणाच्या बातम्यांतून घेतली आहेत. तो हिशेब घरात रोज होतोच.

सुरुवात कुठून करायची? पाचवीचं पुस्तक पहिल्या पानापासून सोडवायचं का?

नको. येणारंच पुन्हा सोडवण्यात पंधरा दिवस जातात आणि अडलेल्या धड्यापर्यंत पोहोचायच्या आत उत्साह संपतो. आधी गळती कुठे आहे ते शोधा. खालची आठ उदाहरणं कॅल्क्युलेटर न घेता, घड्याळ न लावता, कच्चं काम पुसून न टाकता सोडवा:

५००३ − १८७६
४२१२ ÷ ६
१/२ + १/३
०.४५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती?
−३ − ५
२० − ५ + ३
६४० चे १५ टक्के
१.२० हेक्टर म्हणजे किती आर?

उत्तरं अशी: ३१२७, ७०२, ५/६, ०.५, −८, १८, ९६ आणि १२० आर. वरून खाली येताना पहिलं चुकलेलं उदाहरण जिथे असेल, तिथून उजळणी सुरू करा. शेवटची दोन चुकली म्हणून टक्केवारीच्या मागे लागू नका. तिसरं चुकलं असेल तर टक्केवारीही त्याच दुखण्यानं आजारी असते.

पाढे कितीपर्यंत पाठ हवेत? तीसपर्यंत?

वीसपर्यंत पुरेत, पण ते सुटे सुटे यायला हवेत. "सात साती?" विचारल्यावर लेकरू "सात एके सात, सात दुणे चौदा" असं पायथ्यापासून चढायला लागलं, तर पाढा पाठ आहे पण हाताशी नाही. भागाकारात प्रत्येक पायरीला तेवढा वेळ जातो आणि मधेच धागा सुटतो.

दहापर्यंतचं ओझंही वाटतं तेवढं नाही. सहा साती आणि सात सक एकच. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे सहसा कुणाला अडत नाहीत. ते वगळले आणि उलटसुलट जोड्या एकदाच मोजल्या, तर ३, ४, ६, ७, ८ आणि ९ यांचे मिळून फक्त २१ गुणाकार उरतात. ते २१ चिठ्ठ्यांवर लिहा, डबीत टाका आणि रोज दहा काढा. तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर चिठ्ठी परत डबीत. आठवडाभरात कळतं की खरी अडचण सात-आठच ठिकाणी आहे. बहुतेकांची ६×८, ७×८, ७×९ आणि ८×९ इथे असते.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे) आज शाळेत म्हणून घेत नाहीत. घरात कुणा आजोबांना येत असतील तर निमकी आणि दिडकी तेवढी शिकून घ्या. दीडपट, अडीचपट करताना कागद लागत नाही.

दुसरीतलं लेकरू "एकोणचाळीस" ऐकून ४९ लिहितं. लक्ष नसतं का?

लक्ष असतं, म्हणूनच "चाळीस" आणि "नऊ" दोन्ही पकडून ते ४९ लिहितं. मराठीत आपण आधी एकक बोलतो (एक-वीस, बा-वीस) आणि लिहिताना आधी दशक लिहितो. त्यात "एकोण" म्हणजे एक कमी: एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी. हा अर्थ सांगितला की एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ एकदम जागेवर बसतात. नव्व्याण्णव तेवढा या रांगेत बसत नाही, तो वेगळा पाठ करायचा.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" असं वाचन दिलं तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. वाद बाजूला ठेवा. सुरुवातीला दोन्ही नावं घेऊ द्या: "तीस नऊ, म्हणजे एकोणचाळीस". लिहिणं पक्कं झालं की पहिलं नाव आपोआप गळून पडतं. सोबत काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधून द्या. तीन जुडगे आणि नऊ सुट्या काड्या हातात असताना ४९ लिहिणं अवघड जातं.

वजाबाकीची आमची रीत वेगळी आणि शाळेतली वेगळी. कोणती शिकवावी?

दोन्ही बरोबर आहेत. घोटाळा त्या एकमेकींत मिसळल्यानं होतो. ५००३ − १८७६ घ्या.

शाळेच्या रीतीत वरची संख्या मोडतात. ३ मधून ६ जात नाहीत, दशक आणि शतक रिकामे, म्हणून एक हजार मोडायचा: ५ चे राहिले ४ हजार, शतकाच्या घरात ९, दशकाच्या घरात ९ आणि एककाच्या घरात १३. मग १३−६, ९−७, ९−८, ४−१. उत्तर ३१२७.

जुन्या रीतीत वर दहा मिळवतात आणि खालच्या पुढच्या अंकात एक वाढवतात: १३−६=७; खाली ७ चे ८, १०−८=२; खाली ८ चे ९, १०−९=१; खाली १ चे २, ५−२=३. पुन्हा ३१२७. दोन्ही संख्यांत सारखंच मिळवल्यानं फरक बदलत नाही, एवढंच त्यामागचं कारण.

लेकरू वरचाही अंक कमी करतं आणि खालचाही वाढवतं, तेव्हा उत्तर घसरतं. शाळेत शिकवलेलीच रीत घरी चालू ठेवा. तुमची रीत पडताळ्यासाठी वापरा. वर शून्यंच शून्यं असली तर एक सोपी युक्ती आहे: दोन्हींतून ४ काढा. ४९९९ − १८७२ मध्ये काही मोडावंच लागत नाही.

भागाकारात उत्तरातलं शून्य का गळतं?

४२१२ ÷ ६ चं उत्तर ७२ लिहिणारे दहावीतही सापडतात. बेचाळीसला सहानं भागून ७ आले, खाली १ घेतला, त्यात ६ जात नाहीत म्हणून लगेच २ घेतला आणि १२ ला भागून २ लिहिले. मधल्या घराचं काय झालं ते लिहिलंच नाही.

पायरीला नाव दिलं की चूक थांबते. ४२ शतकं भागली: ७ शतकं. १ दशक भागायचं आहे, कुणालाच पूर्ण दशक मिळत नाही: ० दशक, हे लिहायचं. १२ एकक भागले: २ एकक. सातशे दोन. नियम एवढाच: भाज्यातला एक अंक खाली उतरला की वर एक अंक लिहिला गेलाच पाहिजे, शून्य का असेना. शिवाय ७२ पाहूनच शंका यायला हवी: सहाजणांना बहात्तर-बहात्तर दिले तर साडेचारशेच्याही आतच वाटून होतात, मग उरलेले पावणेचार हजार कुठे गेले?

अपूर्णांकांची बेरीज करताना छेद का सारखे करायचे? वरचे वर, खालचे खाली मिळवले तर काय बिघडतं?

१/२ + १/३ असं मिळवलं तर २/५ येतं. २/५ अर्ध्याहून कमी. अर्धी भाकरी होती, तिच्यात आणखी एक तुकडा घातला आणि भाकरी कमी झाली! इथेच थांबायला हवं.

छेद म्हणजे तुकड्याचा आकार, अंश म्हणजे तुकड्यांची संख्या. वेगळ्या आकाराचे तुकडे मोजून एक आकडा सांगता येत नाही. भाकरीचे सारखे सहा तुकडे करा: अर्धी म्हणजे तीन तुकडे, तिसरा हिस्सा म्हणजे दोन, मिळून पाच. ५/६. लसावि काढायचा तो तुकडे एका मापाचे करण्यासाठी.

घरात जुनी मापं असतील तर ती बाहेर काढा. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली आणि दोन अधोल्या म्हणजे पायली. चिपटं हे शेराचा १/४ आहे आणि पायलीचा १/१६. माप तेच, पण "कशाचा भाग" विचारलं की अपूर्णांक बदलतो. हा "कशाचा?" प्रश्न पुढे टक्केवारीत फार उपयोगी पडतो, तो आत्ताच तोंडी बसवा.

भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करतात तेही मापांतूनच कळतं. पाऊण किलो चहापत्तीचे अदपाव-अदपावाचे पुडे किती? म्हणजे ३/४ ÷ १/८. एका किलोत असे आठ पुडे, तर पाऊण किलोत आठाचे पाऊण, म्हणजे सहा. भागायला १/८ होता आणि गुणलं आठानं, ते यामुळे. उलटा होतो तो दुसराच. पहिला उलटा केला की सगळं फसलं.

०.४५ हे ०.५ पेक्षा मोठं नाही का? पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे आहेत की.

दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचले की हे होतं. "शून्य पॉइंट पंचेचाळीस" असं वाचूच नका, "शून्य दशांश चिन्ह चार पाच" वाचा. तुलना करताना शेवटी शून्य जोडून घरं सारखी करा: ०.४५ आणि ०.५०. डेअरीवर ३.४५ फॅट लागली तर ती ३.५ च्या आत आहे. पावतीवर भाव का कमी पडला हे तिथेच कळतं.

दुसरा सापळा याहून फसवा आहे. जिथे टिंब दिसतं तिथे दशांश असतोच असं नाही. सातबाऱ्यावर १.२० हेक्टर म्हणजे १ हेक्टर २० आर, आणि १०० आरचा एक हेक्टर असल्यानं हा खरा दशांश आहे. पण बोलताना आपण "१.२० एकर" म्हणतो तेव्हा मनात १ एकर २० गुंठे असतात आणि एकरात गुंठे ४०. म्हणजे ते दीड एकर झालं, सव्वाच्या आतलं नव्हे. क्रिकेटमध्ये ४.३ षटकं म्हणजे साडेचार, तीच गत.

लागणारे आकडे: १ गुंठा = ३३ फूट × ३३ फूट = १०८९ चौरस फूट. ४० गुंठे = १ एकर = ४३,५६० चौरस फूट. १ एकर = सुमारे ४०.४७ आर. यावरून १.२० हेक्टर म्हणजे १२० ÷ ४०.४७ = २.९६५ एकर. आता ०.९६५ ला ४० नं गुणा (१०० नं नव्हे): ३८.६. उत्तर २ एकर ३८.६ गुंठे. वाटणीच्या वेळी नेमकी ही पायरी चुकते आणि भावाभावांत विनाकारण कुरबुर होते.

टक्केवारी दर वेळी कळल्यासारखी वाटते आणि परीक्षेत चुकते. असं का?

कारण सूत्र पाठ असतं, पण टक्के कशाचे ते पाहिलेलं नसतं. टक्का हा नुसता आकडा नसतो, त्याच्यामागे एक शंभर धरलेला असतो. तो शंभर कोणता, हे प्रत्येक उदाहरणात कागदावर लिहा.

जायकवाडी धरण घ्या, त्याच्या जलाशयाचं नाव नाथसागर. "नाथसागर ५० टक्के भरला" अशी बातमी येते तेव्हा ते टक्के बहुधा जिवंत साठ्याचे असतात. धरणाची एकूण क्षमता सुमारे २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यात जिवंत म्हणजे वापरता येणारा साठा सुमारे २१७१ आणि मृत म्हणजे तळाशी राहणारा साठा ७३८. जिवंत साठ्याचे ५० टक्के म्हणजे १०८५.५ दलघमी. त्या दिवशी धरणात एकूण पाणी १०८५.५ + ७३८ = १८२३.५ दलघमी, म्हणजे एकूण क्षमतेच्या जवळपास ६३ टक्के. दोन्ही आकडे खरे. शंभर बदलला, टक्का बदलला. आणि जिवंत साठा शून्य टक्के झाला तरी पाणी दिसत असतं, ते याच हिशेबानं.

पैसेवारीही टक्केवारीच. ४८ पैसे पैसेवारी म्हणजे प्रमाण उत्पन्न रुपया धरलं तर पीक ४८ पैसे, अर्थात ४८ टक्के. ५० च्या आत आली की गावाला टंचाईच्या सवलतींचा आधार मिळतो. इथला शंभर म्हणजे प्रमाण उत्पन्न, गेल्या वर्षीचं पीक नाही.

मोंढ्यातलं उदाहरण जरा खोल आहे. सोयाबीनमध्ये ओलावा १५ टक्के आहे आणि तो १२ वर आणायचा आहे. एका क्विंटलमागे घट किती? बहुतेक जण १५ − १२ = ३ किलो सांगतात. पण १०० किलोत कोरडा माल ८५ किलो, आणि वाळल्यावर तोच ८५ किलो नव्या वजनाचा ८८ टक्के होणार. ८५ ÷ ०.८८ = ९६.६ किलो. घट ३.४ किलो. पहिले १५ टक्के ओल्या वजनाचे होते आणि नंतरचे १२ टक्के वाळलेल्या वजनाचे. दोन वेगळ्या शंभरांची सरळ वजाबाकी होत नाही. भावाचंही तसंच: ४००० चा भाव २० टक्क्यांनी उतरून ३२०० झाला आणि मग २० टक्क्यांनी चढला तर ३८४० होतो, ४००० नाही.

व्याजात "शंभर कशाचे" यासोबत "किती दिवसांचे" हेही विचारा. गावात "शेकडा तीन" म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये, वर्षाला ३६ टक्के. बँक सांगते ते वर्षाचं. ५०,००० रुपये शेकडा तीननं आठ महिन्यांसाठी: ५०० शेकडे × ३ × ८ = १२,००० रुपये. परीक्षेत द.सा.द.शे. लिहिलेलं असतं, म्हणजे दर साल दर शेकडा. ती अक्षरं नुसती पाठ करू नका, वाचा.

झटपट काढायचं तर आधी १० टक्के काढा. ६४० चे १५ टक्के: ६४ आणि त्याचे निम्मे ३२, मिळून ९६. आण्यांचा हिशेब येणाऱ्यांना आणखी सोपं: दोन आणे १/८ म्हणजे १२.५ टक्के, चार आणे २५, बारा आणे ७५.

"वजा वजा अधिक" पाठ आहे, तरी −३ − ५ चं उत्तर ८ किंवा २ येतं.

तो नियम गुणाकार-भागाकाराचा आहे: (−३) × (−५) = १५. तसंच कंसाबाहेर वजा असला की लागतो: ७ − (−५) = १२. −३ − ५ मध्ये गुणाकार नाही. बोअरची मोटर जमिनीखाली ३ फुटांवर आहे, ती आणखी ५ फूट खाली सोडली, तर वर येणार नाही. −८ वर जाईल. दोन वजा दिसले की अधिक करायचं नाही, दोन चिन्हं एकमेकांना खेटून आली तरच.

कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) मध्ये भागाकार आधी, मग गुणाकार. मग २४ ÷ ४ × २?

डावीकडून उजवीकडे: ६ × २ = १२. गुणाकार-भागाकार एकाच पायरीवर, बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर. अक्षरांचा क्रम तंतोतंत पाळला तर २० − ५ + ३ मध्ये आधी बेरीज होऊन १२ येतं. खरं उत्तर १८. हा शब्द आठवणीपुरता बरा, नियम म्हणून अर्धवट आहे.

लसावि कधी, मसावि कधी?

पुन्हा एकत्र कधी येतील, कमीत कमी किती लागेल: लसावि. मोठ्यात मोठे समान भाग करायचे, जास्तीत जास्त किती लांबीचे: मसावि. तपासणी सोपी: लसावि दिलेल्या मोठ्या संख्येपेक्षा लहान नसतो आणि मसावि लहान संख्येपेक्षा मोठा नसतो.

मजूर आणि दिवसांच्या गणितात गुणायचं की भागायचं?

आधी उत्तर वाढणार की घटणार ते ठरवा. सोयाबीन काढायला ६ मजुरांना ४ दिवस लागतात. ८ मजूर लावले तर दिवस कमी होणार. एकूण काम ६ × ४ = २४ मजूर-दिवस, ते ८ जणांत वाटलं: ३ दिवस. गुत्तं (कामाचा ठेका) देणारा माणूस हाच हिशेब तोंडी करतो. सरळ त्रैराशिक मांडलं तर ५ दिवसांहून जास्त येतात. मजूर वाढले आणि दिवसही वाढले, असं रान कुठे असतं?

दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेलं लेकरू उन्हाळ्याच्या तोंडावर परतलं. दीड-दोन महिन्यांत काय घ्यावं?

सगळं बुडालेलं एकदम भरू नका. क्रम असा ठेवा: पहिले दोन आठवडे ते २१ गुणाकार आणि उत्तरात शून्य येणारा भागाकार, पुढचे तीन आठवडे फक्त अपूर्णांक, मग दशांश. भूमिती थांबू शकते; अपूर्णांक थांबला की पुढची दोन वर्षं लंगडतात.

त्या लेकराकडे हिशेब नसतो असं मानू नका. मोळ्या, टन आणि उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) त्यानं रोज ऐकलेली असते. टनाला ४०० रुपये आणि एका कोयत्याचा (तोडणाऱ्या जोडीचा) दिवसाला २ टन ऊस धरला, तर एक लाखाची उचल किती दिवसांत फिटेल? हे ते आधी तोंडी सांगतं (१२५ दिवस), मग वहीत मांडायला शिकवायचं. उलट क्रमानं गेलं तर वही पाहूनच गप्प होतं.

मोठ्या संख्यांचे शून्य मोजताना गडबड होते.

शून्यं वेगळी काढून ठेवा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. नंतरच्या खेपांना ५० वाघिणी, एकीत ५०,००० लीटर. ५ × ५ = २५; शून्यं एक अधिक चार, पाच; २५ वर पाच शून्यं म्हणजे २५ लाख लीटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३.८ लाख. लाखाला लाख कटले: २५ ÷ ३.८, म्हणजे माणशी साडेसहा लीटरच्या आसपास. एक हंडासुद्धा नाही. उत्तर साडेसहाशे किंवा पॉइंट सहा आलं असतं तर अंदाजावरूनच चूक कळली असती.

उजळणी किती वेळ आणि किती दिवसांनी?

रोज अर्धा तास. रविवारी सलग चार तास बसून भरपाई होत नाही. एक संकल्पना आज केली तर ती तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि मग साधारण तीन आठवड्यांनी, प्रत्येक वेळी नवी चार उदाहरणं घेऊन. सोडवलेलं उदाहरण वाचणं ही उजळणी नव्हे. पान झाकून कोऱ्या कागदावर सोडवा.

एक चुकांची वही ठेवा, तीन रकान्यांची: उदाहरण, आपण काय केलं, कुठे घसरलं. "दुर्लक्षामुळे" हे कारण लिहायला बंदी. "शून्य गाळलं", "शंभर चुकीचा धरला", "गुंठ्याला शंभरनं गुणलं" असं नेमकं लिहा. महिन्यानं दिसतं की तीन-चार चुकाच वेष बदलून येत आहेत.

पोलीस भरतीला १०० प्रश्न, ९० मिनिटं. वेग कसा वाढवायचा?

सरासरी ५४ सेकंद एका प्रश्नाला. गणिताला त्याहून जास्त लागणार, म्हणून मराठी आणि सामान्य ज्ञानातून वेळ वाचवावा लागतो. घड्याळ मात्र शेवटच्या महिन्यातच लावा. पद्धत पक्की व्हायच्या आधी घड्याळ लावलं तर चुकीची पद्धत वेगानं पक्की होते. सरावात पर्याय झाकून आधी अंदाज बांधा, मग पर्याय पाहा. चारांपैकी दोन सहसा तिथेच बाद होतात.

कॅल्क्युलेटर अजिबात नको का?

पडताळ्याला चालेल, पण आधी अंदाज कागदावर लिहून मगच बटण दाबा.